मुलीच्या नावाचा काळानुसार आलेख कसा काढावा : ‘यमुना’ या नावाच्या निमित्ताने

बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ ही मराठीतील पहिली कादंबरी म्हणून ओळखली जाणारी कृती १८५७ साली प्रसिद्ध झाली आणि तिच्या नायिकेचे नाव यमुना होते. पुढच्या आठ वर्षांत जन्मलेल्या दोन खऱ्या मुलींची नावेही यमुनाच होती. त्यांतील एक देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकरांची आणि दुसरी कल्याणच्या जोशांची. पहिलीला महाराष्ट्र रमाबाई रानडे म्हणून ओळखतो आणि दुसरीला डॉ. आनंदीबाई जोशी म्हणून. १९१५ साली जन्मलेल्या वाईच्या यमुनाबाई वाईकर यांनी आयुष्यभर लावणी जपली आणि २०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातही हे नाव ठेवले जात होते आणि ते एकाच समाजापुरते नव्हते, एवढे तरी त्यावरून दिसते. आज मात्र मराठी शाळेच्या पहिलीच्या हजेरीपटावर ‘यमुना’ शोधू गेल्यास बहुधा निराशाच पदरी येते.

एवढ्यावरून ‘हे नाव एकेकाळी फार चालत असे’ असे सहज म्हटले जाते. परंतु ‘फार’ म्हणजे हजारात किती, ‘एकेकाळी’ म्हणजे कोणत्या दशकापासून कोणत्या दशकापर्यंत, आणि नाव हळूहळू विरत गेले की एकाच पिढीत थांबले, या प्रश्नांची उत्तरे प्रसिद्ध व्यक्तींच्या चरित्रांतून मिळत नाहीत. त्यासाठी मोजावेच लागते. अमेरिकेत सामाजिक सुरक्षा खाते १८८० पासूनची नावे वर्षवार प्रसिद्ध करते आणि एखाद्या वर्षी पाचपेक्षा कमी वेळा नोंदले गेलेले नाव खासगीपणासाठी वगळते. त्यामुळे १९४६ पर्यंत सलग पहिल्या क्रमांकावर असलेल्या ‘मेरी’ला १९४७ साली ‘लिंडा’ने मागे टाकले, हे तिथे कोणालाही घरबसल्या पाहता येते. आपल्याकडे १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम आहे आणि नोंदीही होतात, पण नावांची वर्षवार गणना करून ती लोकांपुढे ठेवण्याची पद्धत नाही. म्हणून हे काम गावपातळीवर, एका शाळेचे रजिस्टर किंवा एका घराण्याची वंशावळ हाती घेऊन, आपणच करायचे असते. ते कसे करावे, हे ‘यमुना’चे उदाहरण पुढे ठेवून सांगतो. कोणतेही दुसरे नाव घेतले तरी रीत हीच राहील.

आधी ठरवावे : कोणते नाव मोजायचे?

मुलाच्या नावाचा अभ्यास करणाऱ्याला हा प्रश्न फारसा पडत नाही. मुलीच्या नावाच्या बाबतीत मात्र सारे काम यावरच उभे असते. महाराष्ट्रातील पुष्कळ घरांत लग्नानंतर मुलीचे आडनाव तर बदलत असेच, पण पहिले नावही बदलत असे. लग्नानंतर लक्ष्मीपूजनाच्या वेळी ताटात तांदूळ पसरून त्यांवर अंगठीने नवे नाव लिहिले जाई आणि त्या क्षणापासून मुलीचे माहेरचे नाव फक्त माहेरी उरे. रमाबाई आणि आनंदीबाई यांच्या बाबतीत हेच घडले. त्यांच्याच जोडीला आणखी दोन नावे ठेवून पाहावीत. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई या माहेरच्या गोदू, म्हणजे गोदावरी. आणि लक्ष्मीबाई टिळक या माहेरच्या मनकर्णिका. चारही जणींची माहेरची नावे पवित्र नद्यांशी व तीर्थांशी जोडलेली आहेत, आणि सासरच्या नावांत रमा, लक्ष्मी आणि दोनदा आनंदी आहे. चार उदाहरणांवरून नियम बांधता येत नाही, हे खरे. पण सासरच्या नावांवरून मोजणी करणाऱ्याच्या हातून या दोन्ही यमुना निसटल्या असत्या आणि त्याने १८६० च्या दशकातील मुलींवर अशी नावे लादली असती, जी त्यांच्या आईबापांनी ठेवलेलीच नव्हती, हे त्यातून स्पष्ट होते.

मला हा केवळ मोजणीतला दोष वाटत नाही. जन्माच्या वेळी दिलेले नाव कागदावरून पुसले जाणे ही त्या स्त्रीच्या आयुष्यातील मोठी गोष्ट होती, आणि नावांचा अभ्यास करणाऱ्याने ती जशीच्या तशी नोंदवली पाहिजे. म्हणून वहीत दोन रकाने असावेत, एक माहेरच्या नावाचा आणि दुसरा सासरच्या नावाचा, आणि आलेख नेहमी माहेरच्या नावाचा काढावा, कारण एखाद्या वर्षी आईबापांना कोणते नाव आवडत होते, हे तेवढेच नाव सांगू शकते. सासरच्या नावांचा वेगळा आलेख काढता येईल, पण त्यात वर्ष जन्माचे न घेता लग्नाचे घ्यावे लागेल.

माहेरचे नाव एवढे म्हणूनही भागत नाही. बारशाच्या विधीत नक्षत्रनाव, मासनाव, कुलदेवतेवरून ठेवलेले नाव आणि व्यवहारातले नाव अशी वेगवेगळी नावे असतात, आणि पाळण्यात एक नाव ठेवून शाळेत दुसरेच घालण्याची चाल अनेक घरांत आहे. नक्षत्रनाव चरणाच्या अक्षरावरून ठरते. सत्तावीस नक्षत्रांचे प्रत्येकी चार म्हणजे १०८ चरण असल्याने एक अक्षर साधारणपणे १०८ मुलींपैकी एकीच्या वाट्याला येते आणि कोणत्याही दशकात हे प्रमाण बदलण्याचे कारण नसते. यावरून एक उपयोगी गोष्ट कळते. एखादे नाव एका काळात भरभरून आढळत असेल आणि पुढे दिसेनासे होत असेल, तर ते पत्रिकेने दिलेले नसून माणसांनी आवडीने निवडलेले आहे. आपल्याला मोजायची आहे ती ही निवड. म्हणून मोजणीत व्यवहारातले नाव धरावे आणि जन्मपत्रिकेतले नाव त्यात मिसळू नये.

यानंतर नावाच्या रूपांची यादी करावी. ‘यमुना’साठी यमुना, यमूना, येमुना, यमुनाबाई, जमुना, जमना आणि जमनाबाई ही रूपे एकत्र धरावीत. यमू आणि यमी ही लाडाची रूपे कागदावर आढळल्यास तीही धरावीत, पण त्यांच्यापुढे खूण करावी. ‘कालिंदी’ हे यमुनेचेच दुसरे नाव असले तरी ते वेगळे नाव आहे, ते यात मिळवू नये. ‘बाई’ हे उपपद नावाचा भाग मानू नये. मात्र ते कोणत्या दशकापर्यंत लहान मुलींच्या नावापुढेही लिहिले जात होते, याची नोंद शेजारी ठेवल्यास ती पुढे उपयोगी पडते. जुने कागद मोडीत असतील तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो आणि शब्दही सलग लिहिलेले असतात, त्यामुळे नाव कुठे संपले आणि वडिलांचे नाव कुठे सुरू झाले, हे जाणकाराकडून तपासून घ्यावे.

शाळेचे जनरल रजिस्टर

माझ्या मते या कामासाठी सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे गावातील जुन्या प्राथमिक शाळेचे जनरल रजिस्टर, ज्याला कुठे कुठे दाखल-खारीज रजिस्टरही म्हणतात. शाळा सोडल्याचा दाखला याच रजिस्टरवरून दिला जात असल्यामुळे शाळा ते जपून ठेवतात. त्यात अनुक्रमांक, मुलीचे पूर्ण नाव, जन्मतारीख अंकी व अक्षरी, दाखल झाल्याची तारीख, इयत्ता, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण हे रकाने असतात. त्याचे सर्वांत मोठे मोल असे की नाव लग्नाआधीच लिहिलेले असते. पुढे लग्नाच्या वेळी ताटातल्या तांदळांवर काहीही लिहिले गेले असो, रजिस्टरात मुलगी माहेरच्या नावानेच राहते.

रजिस्टर पाहण्यासाठी मुख्याध्यापकांना लेखी विनंती करावी आणि आपण काय उतरवून घेणार आहोत, हे त्या पत्रातच लिहावे. आपल्याला लागते ते फक्त पहिले नाव आणि जन्मवर्ष. आडनाव, जात, पत्ता आणि पालकांचे नाव उतरवू नये व त्या पानांची छायाचित्रेही घेऊ नयेत. असे स्पष्ट लिहून दिल्यावर मुख्याध्यापकांनाही परवानगी देणे सोपे जाते, आणि ज्या कुटुंबांची ती माहिती आहे त्यांचा मानही राहतो. माहितीच्या अधिकाराचा अर्ज करून हे काम होईल, अशी अपेक्षा धरू नये. कार्यालयाने आपल्यासाठी नवी गणना करून द्यावी, असे बंधन त्या कायद्यात नाही आणि व्यक्तिगत माहिती नाकारण्याची त्यात तरतूदही आहे. शाळेत बसून, शिक्षकांच्या समोर, हाताने उतरवून घेणे हाच सरळ मार्ग आहे. एका माणसाने नावे वाचावीत आणि दुसऱ्याने लिहावीत, म्हणजे चुका कमी होतात.

जन्मतारखांवर मात्र आंधळा विश्वास ठेवू नये. जुन्या रजिस्टरांत १ जून ही जन्मतारीख असलेली मुले इतकी आढळतात की नवख्या माणसाला आश्चर्य वाटते. त्याचे कारण सर्वांना ठाऊक आहे. पालकांना तारीख सांगता येत नसे, आणि जूनमध्ये शाळा सुरू होताना मुलाचे वय पुरे भरावे म्हणून गुरुजी अंदाजाने वर्ष धरून १ जून लिहीत. अशा नोंदीतले वर्षही एकदोन वर्षे पुढेमागे असू शकते. म्हणून या साधनावरून वर्षवार आलेख काढण्याचा मोह टाळावा आणि दहा-दहा वर्षांचे गट करावेत. दाखल झाल्याचे वर्ष जन्मवर्ष म्हणून धरण्याची चूक तर मुळीच करू नये. मुलगी सहाव्या वर्षी आली की नवव्या, हे घरच्या परिस्थितीवर अवलंबून असे, आणि जुन्या काळी मुलींच्या बाबतीत ते अधिकच अनिश्चित होते.

या साधनाची मर्यादाही नीट समजून घ्यावी. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा १८४८ साली काढली, पण खेड्यापाड्यांतील बहुसंख्य घरांतून मुलगी शाळेत जाऊ लागण्यास त्यानंतर कित्येक दशके लागली. १९२० किंवा १९३० च्या दशकातील रजिस्टरात ज्या मुली दिसतात, त्या मुलींना शाळेत धाडणाऱ्या थोड्या घरांतल्या असतात. उरलेल्या घरांत कोणती नावे ठेवली जात होती, हे ते रजिस्टर सांगत नाही. पुढच्या दशकांत सर्व समाजांतील मुली येऊ लागल्यावर रजिस्टरात एकदम नवी नावे दिसू लागतात. ती नावे त्या दशकात नव्याने ठेवली गेली असे नसून ती पूर्वीपासून गावात असतात, फक्त त्या मुली शाळेच्या दारात आता पोहोचलेल्या असतात. आलेखात अशी उडी दिसली, तर आधी त्या वर्षांत शाळेत कोण येऊ लागले याची चौकशी करावी आणि मगच आवडीनिवडीबद्दल बोलावे.

मतदार यादी आणि इतर कागद

मतदार यादी सर्वांना खुली असते आणि तिच्या एका भागात साधारण हजाराच्या आसपास नावे मिळतात, त्यामुळे ती वापरावीशी वाटणे साहजिक आहे. तिच्यात नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, वय आणि लिंग दिलेले असते. वयावरून जन्मवर्ष काढताना नुसती वजाबाकी पुरत नाही. यादी १ जानेवारी २०२४ या अर्हता दिनांकाची, म्हणजे त्या दिवशी पूर्ण झालेले वय धरून केलेली, असेल आणि वय ७० लिहिलेले असेल, तर त्या स्त्रीचा जन्म २ जानेवारी १९५३ ते १ जानेवारी १९५४ या काळातला, म्हणजे जवळजवळ नक्की १९५३ चा ठरतो. २०२४ वजा ७० असे करून १९५४ लिहिल्यास संपूर्ण आलेख एक वर्ष सरकतो. वयस्कर स्त्रियांचे वय पुष्कळदा अंदाजाने साठ, पासष्ट, सत्तर असे सांगितलेले असते. म्हणून वयांचे गट ६० ते ६९ असे न करता ६५ ते ७४ असे करावेत, म्हणजे ७० या आकड्यावर जमलेली गर्दी गटाच्या मध्यभागी येते आणि ती शेजारच्या गटात सांडत नाही.

मुख्य अडचण मात्र वर सांगितलेलीच आहे. विवाहित स्त्रीचे नाव या यादीत सासरच्या रूपात असते. अलीकडच्या पिढ्यांत पहिले नाव बदलण्याची चाल बरीच कमी झाली आहे, पण ज्या वयोगटात ‘यमुना’ सापडण्याची खरी शक्यता आहे, त्या वयोगटात ती भरपूर होती. म्हणून मतदार यादीवरून काढलेला आलेख स्वतंत्र ठेवावा आणि त्याच भागातील शाळेच्या आलेखाशी फक्त ताडून पाहावा. गावात आलेल्या सुना दुसऱ्या गावच्या असल्यामुळे माणसागणिक जुळणी करता येणार नाही. तरीही एकाच दशकात जन्मलेल्या मुलींमध्ये शाळेत ‘यमुना’चे प्रमाण जास्त आणि यादीत कमी, असा फरक सातत्याने दिसला, तर त्या नावाच्या मुलींना सासरी दुसरे नाव मिळत होते, असा तर्क करण्यास जागा राहते. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदलाच्या सूचना छापल्या जातात. त्यांत जुने नाव आणि नवे नाव शेजारी शेजारी असल्याने या तर्काला तेथे आधार शोधता येतो.

शहरातील यादी असेल तर आणखी एक तपासणी हवी. ‘यमुना’ हे नाव तेलुगू, तमिळ आणि मल्याळी घरांत पुढच्या पिढ्यांतही ठेवले जात राहिले आहे. सोलापूरसारख्या, तेलुगू भाषक पद्मशाली समाज मोठ्या संख्येने असलेल्या शहरात चाळिशीतली यमुना आढळली, तर मराठी घरांत हे नाव परत आले असे समजण्याची घाई करू नये.

घराण्यांचे कुलवृत्तांत हे मराठीतील एक विलक्षण साधन आहे आणि या कामात त्याचा पुरेसा उपयोग केला जात नाही, याची मला खंत वाटते. चांगल्या कुलवृत्तांतात घरात आलेल्या सुनेचे सासरचे नाव, माहेरचे नाव आणि माहेरचे आडनाव असते, तसेच घरात जन्मलेल्या मुलींची दोन्ही नावे व त्या कोठे दिल्या हेही असते. म्हणजे आपल्या वहीतले दोन्ही रकाने एका ठिकाणी भरतात. त्यांतून एकोणिसाव्या शतकातही मागे जाता येते. असे ग्रंथ मुख्यतः काही मोजक्या समाजांनी तयार केले असल्याने त्यांवरून संपूर्ण महाराष्ट्राचे विधान करता येत नाही. तसेच जुन्या पिढ्यांत मुलग्यांची नावे पूर्ण आणि मुलींच्या जागी ‘कन्या दोन’ एवढाच उल्लेख, असेही आढळते. अशा पिढ्या मोजणीत घेऊ नयेत.

गावचे कोतवाल बुक, म्हणजे जन्ममृत्यूची जुनी नोंदवही, तहसील कार्यालयात असते. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ पासून असे पुष्कळ कागद तपासले गेले, आणि अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर त्यांची छायाचित्रेही आली आहेत. परंतु जन्माची वर्दी बहुधा बारशापूर्वीच दिली जात असल्याने त्यात अनेकदा वडिलांचे नाव आणि ‘मुलगी’ एवढेच असते. आजच्या कायद्यातही नावाशिवाय जन्म नोंदवून नाव नंतर घालण्याची सोय आहे. तेव्हा या वह्यांकडून फार अपेक्षा धरू नये. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या शासकीय कागदांवर बाळाचे नाव, मग आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम राज्य शासनाने ठरवला आहे. त्यामुळे पुढे संगणकावर याद्या शोधताना ‘यमुना’ हा शब्द आईच्या जागी आला आहे की मुलीच्या, हे पाहिल्याशिवाय मोजू नये.

मोजणी

निव्वळ संख्या कधीही आलेखावर चढवू नये. नेहमी हजारी प्रमाण काढावे. समजा, एका शाळेत १९३१ ते १९४० या काळात जन्मलेल्या २५० मुलींच्या नोंदी मिळाल्या आणि त्यांत ५ यमुना आहेत, तर प्रमाण हजारी २० झाले. समजा, १९६१ ते १९७० या काळातील १,२०० मुलींमध्ये ६ यमुना आहेत, तर प्रमाण हजारी ५ झाले. संख्या पाचावरून सहावर गेली म्हणून नाव वाढले असे वाटेल, प्रत्यक्षात त्याचे प्रमाण चौथ्या हिश्श्यावर आले आहे. छेद, म्हणजे त्या काळातील एकूण मुली, लिहिल्याशिवाय कोणाचाही आकडा स्वीकारू नये आणि आपलाही देऊ नये.

आकडे लहान असल्यामुळे योगायोगाचा वाटाही लक्षात घ्यावा. त्यासाठी एक सोपा ठोकताळा आहे. जितक्या यमुना सापडल्या त्या संख्येचे वर्गमूळ काढावे आणि तेवढी वधघट गृहीत धरावी. पाचाचे वर्गमूळ सुमारे सव्वादोन; म्हणजे पाचाऐवजी तीन किंवा सात आल्या असत्या तरी नवल नव्हते, आणि प्रमाण हजारी १२ ते २८ यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. सहाचे वर्गमूळ सुमारे अडीच, म्हणजे दुसऱ्या गटाचे प्रमाण हजारी ३ ते ७ यांच्या दरम्यान. हे दोन पट्टे एकमेकांना शिवत नाहीत, म्हणून या कल्पित उदाहरणातील घसरण खरी मानण्यास हरकत नाही. पट्टे एकमेकांत शिरत असतील तर ‘फरक सांगता येत नाही’ असेच लिहावे, किंवा शेजारच्या गावच्या शाळेच्या नोंदी मिळवून गट मोठे करावेत.

क्रमांकापेक्षा प्रमाणाला महत्त्व देण्याचे आणखी एक कारण आहे. काळ पुढे सरकतो तशी नावांची विविधता वाढते. अमेरिकेत १९४७ साली पहिल्या क्रमांकावरील लिंडा हे नाव शंभरातील पाचांहून अधिक मुलींना मिळाले होते. आज तिथे पहिल्या क्रमांकाचे नावही शंभरात साधारण एकीलाच मिळते. दोन्ही ठिकाणी क्रमांक पहिलाच असला तरी ती दोन नावे सारख्याच जोरावर होती असे म्हणता येणार नाही. आपल्या रजिस्टरातही हे तपासता यावे म्हणून दर गटात एकूण वेगवेगळी नावे किती, याचा एक रकाना ठेवावा. तो भरायला वेळ लागतो, पण तो नसला की निष्कर्ष लंगडा पडतो.

अर्थ लावताना

एकट्या नावाचा आलेख फारसे बोलत नाही, त्याला सोबतीची नावे लागतात. ‘यमुना’साठी ती सोबत परंपरेनेच तयार करून ठेवली आहे. ‘गंगे च यमुने चैव गोदावरि सरस्वति’ हा स्नानाचा श्लोक घरोघरी म्हटला जाई आणि त्यात पुढे नर्मदा, सिंधू आणि कावेरी येतात. या सातही नद्या मराठी मुलींची नावे म्हणून रुळलेल्या आहेत. म्हणून त्याच रजिस्टरात गंगा, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू आणि कावेरी यांचीही मोजणी करावी, आणि त्यांत भागीरथी, कृष्णा व चंद्रभागा ही नावे वेगळ्या ओळींत जोडावीत. सातही रेषा साधारण एकाच दशकात खाली येत असतील, तर प्रश्न यमुनेचा नसून नदीचे नाव मुलीला देण्याच्या रीतीचा आहे. एखादी रेषा वेगळी जात असेल, तर तिच्याकडे अधिक लक्ष द्यावे. उदाहरणार्थ, ‘सिंधू’ हे नाव गंगा-यमुनेच्या तुलनेत कधी वर येते आणि कधी ओसरते, हे पाहण्यासारखे आहे, कारण त्या शब्दात नदीखेरीज समुद्राचाही अर्थ आहे आणि तो दोन अक्षरी, सुटसुटीत आहे. आजच्या हजेरीपटावर गंगा सापडत नसली तरी गंगेचेच दुसरे नाव असलेली ‘जान्हवी’ सहज सापडते. माझी समजूत अशी आहे की नदीवरची श्रद्धा आटली म्हणून ही नावे गेली नाहीत. आईबापांना आजीच्या पिढीचे रूप नकोसे झाले आणि त्याच अर्थाचे नवे रूप हवेसे वाटले. ही समजूत बरोबर आहे की नाही, हे ‘गंगा’, ‘भागीरथी’ आणि ‘जान्हवी’ यांच्या तीन रेषा एकाच कागदावर काढल्या की तपासता येते. भागीरथी ओसरणे आणि जान्हवी चढणे यांच्यामध्ये वीस-तीस वर्षांची मोकळी जागा पडत असेल, तर माझे म्हणणे कच्चे ठरेल.

एखाद्या घटनेमुळे नाव वाढले, असा दावा करताना एक साधी कसोटी लावावी. घटनेच्या आधीच्या गटात ते नाव वर जाऊ लागले होते का, हे पाहावे. १९९४ साली ऐश्वर्या राय विश्वसुंदरी झाल्या. त्यानंतर जन्मलेल्या ‘ऐश्वर्या’ २००० आणि २००१ च्या सुमारास पहिलीत आल्या असतील. पण १९८८ ते १९९३ या काळात जन्मलेल्या मुलींतही तेच नाव चढताना दिसत असेल, तर घटनेने चालू लाटेला जोर दिला, एवढेच म्हणता येईल. ‘यमुना’च्या उतरणीला अशी एखादी तारीख मिळेल असे मला वाटत नाही, आणि ती ओढूनताणून शोधूही नये.

आजींना विचारावे

कागदांचे काम झाल्यावर, शक्य असल्यास त्याच्या आधीच, गावातील सत्तरीपुढच्या स्त्रियांना भेटावे. हे साधन दरवर्षी कमी होत आहे, म्हणून रजिस्टर सहा महिने थांबले तरी चालेल, पण ही भेट लांबणीवर टाकू नये. प्रश्न मोजके असावेत. आजी, तुमचे माहेरचे नाव काय, ते कोणी ठेवले, सासरी कोणते नाव मिळाले, आणि तुमच्या आईचे व दोन्ही आजींचे माहेरचे नाव काय होते? प्रत्येक स्त्रीकडून अशी चार पिढ्यांतील नाही तरी तीन पिढ्यांतील नावे मिळू शकतात आणि एकाच बैठकीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पोहोचता येते. जन्मवर्ष ठाऊक नसल्यास मोठ्या घटनांचा आधार घ्यावा; १९४८ च्या, गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीच्या वेळी, १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाच्या वेळी किंवा १९७२ च्या दुष्काळात आपण केवढ्या होतो, हे त्या भागातील स्त्रिया पुष्कळदा बिनचूक सांगतात. एकाच आजीची माहिती तिच्या दोन नातींकडून मिळाली तर ती दोनदा मोजली जाणार नाही, याची काळजी घ्यावी. नाव आवडत होते का, बदलल्यावर कसे वाटले, हे त्या आपणहून सांगू लागल्या तर लेखणी खाली ठेवून ऐकावे, आणि त्यांची परवानगी असेल तरच नंतर लिहावे.

आईचे नाव सर्वांना सांगता येते. पण ते बहुधा तिचे सासरचे नाव असते, आणि माहेरचे कोणते असे पुन्हा विचारल्यावर उत्तर थांबते. आजीच्या बाबतीत तर ‘आम्ही तिला आईच म्हणायचो’ एवढेच हाती लागते. अशा स्त्रीची ओळ वहीतून गाळू नये. जन्माचे अंदाजे दशक, गाव आणि सासरचे नाव लिहून माहेरच्या रकान्यात ‘कोणाला आठवत नाही’ असे लिहावे. हजारी प्रमाण काढताना छेदात फक्त माहेरचे नाव ठाऊक असलेल्या स्त्रिया घ्याव्यात, आणि आलेखाच्या खाली दर दशकापुढे अशा रिकाम्या ओळी किती होत्या, तो आकडा न चुकता छापावा.